नळाचे नाव, दमयंतीचे काम

नळदुर्ग हे गाव नळराजाने वसविले, असे आमच्या भागात सांगतात. इतिहासाला ही गोष्ट मान्य होण्यासारखी नाही. आज दिसतो तो किल्ला बहामनी आणि आदिलशाही अमदानीतला. पण लोककथा पुराव्यासाठी थांबत नाही. तेव्हा घटकाभर तिचे म्हणणे मान्य करू. द्यूतात राज्य गेल्यावर नळ आणि दमयंती या दोघांवरही पोटासाठी चाकरी करण्याची पाळी आली. नळ बाहुक नाव घेऊन ऋतुपर्ण राजाकडे सारथी झाला आणि स्वयंपाकातही नाव मिळवून बसला. दमयंती चेदी देशाच्या राजमातेकडे सैरंध्री म्हणून राहिली. दोघांचेही दिवस कष्टाचे होते. परंतु पुढे काय झाले पाहा. नळाच्या हाताच्या चवीला 'नळपाक' हा शब्द मिळाला आणि तो भाषेत कायमचा रुजला. दमयंतीच्या चाकरीला मात्र कोणताच शब्द मिळाला नाही. आणि तिच्यानंतर आजपर्यंत दररोज दोन्ही वेळा चुलीपुढे बसणाऱ्या ज्या कोट्यवधी बायका होऊन गेल्या, त्यांच्या पाकाला आपण काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. 'बाई घरीच असते' म्हणतो.

दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाचे ताट समोर असताना हा प्रश्न थोडा खोडसाळ वाटेल. पण मी तो थट्टेने विचारीत नाही. कामाला नाव नसले की ते कागदावर येत नाही. कागदावर आले नाही की सरकारच्या हिशेबात येत नाही. आणि हिशेबात आले नाही की त्याची मजुरी, त्याचा हक्क, त्याचा वाटा यांचा प्रश्नच उद्भवत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत ज्या विद्वानांनी ही साखळी उलगडून दाखविली, त्यांत मराठी बोलणाऱ्या घरांतल्या काही स्त्रिया होत्या. त्यांचे काम आणि माझ्या गावच्या आसपासचा मुलूख एकमेकांशेजारी ठेवून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम गावाविषयी. नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. बोरी नदीने किल्ल्याला वळसा घातला आहे, आणि या नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच आदिलशाही स्थापतींनी एक महाल बांधला. तोच प्रसिद्ध पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, हे काम झाले. पावसाळ्यात नदी भरली म्हणजे बांधावरून दोन धारा कोसळतात; त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. पाणी एकाच नदीचे, बांध एकच, पडण्याची उंचीही तीच. तरी एक धार नर झाली आणि दुसरी मादी! समाजशास्त्राची मोठमोठी पुस्तके ज्या गोष्टीसाठी लिहावी लागली, ती आमच्या गावच्या पाण्याने अशी सहज दाखवून ठेवली आहे. स्त्री आणि पुरुष यांत निसर्गाने केलेला भेद किती, आणि आपण नावे ठेवून केलेला भेद किती, हाच तो प्रश्न.

महाल कोणाच्या राज्यात बांधला गेला हे आपणांस ठाऊक आहे. त्याचा दगड कोणी फोडला, चुना कोणी मळला, टोपल्या कोणाच्या डोक्यावरून गेल्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. बांधकामावर बायका नव्हत्या असे मानणे मात्र फार कठीण आहे. कारण या देशात दगडमातीचे कोणतेही काम बायकांच्या डोक्यावरील ओझ्यावाचून उभे राहिलेले आपण पाहिलेले नाही.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआब यांच्याबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गला अधिकारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर. 'ठगाची जबानी' या नावाने मराठी वाचकाला ओळखीच्या असलेल्या कादंबरीचा हा कर्ता. सुमारे चार वर्षे तो येथे होता. त्याने रस्ते केले, झाडे लावली आणि जमिनीची मोजणी सुरू केली. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गच होते; नंतर ते धाराशिवला गेले. त्या शहराला पुढे उस्मानाबाद म्हणू लागले आणि २०२३ मध्ये जुने धाराशिव हे नाव पुन्हा अधिकृत झाले.

टेलरची मोजणी काय, निजामाच्या महसूल खात्याची काय, वा त्यानंतरची काय, एका बाबतीत साऱ्या सारख्या होत्या. शेताला नंबर मिळाला, आकार ठरला, आणि त्यापुढे खातेदार म्हणून एक नाव लागले. ते नाव जवळजवळ नेहमीच पुरुषाचे. त्याच शेतात निंदणी, खुरपणी, वेचणी, काढणी, मळणी कोण करते याला दप्तरात रकाना नव्हता. शेत कोणाचे हे कागद सांगत होता. शेती कोण करते हे सांगत नव्हता.

आता हे सारे जुन्या राजवटींचे पाप म्हणून सोडून देता आले असते, तर बरे झाले असते. परंतु स्वतंत्र भारताच्या शिरगणतीतही मौज झालीच. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांची व्याख्या थोडी सैल होती. तेव्हा देशातल्या दर शंभर स्त्रियांत सुमारे अठ्ठावीस काम करणाऱ्या निघाल्या. १९७१ मध्ये गणकाने 'तुमचे मुख्य काम कोणते?' असे विचारावयाचे ठरले. बाईचे मुख्य काम घर, असे घरच्या कर्त्या माणसाने सांगितले आणि गणकाने लिहून घेतले. दहा वर्षांत काम करणाऱ्या बायकांचे प्रमाण कागदोपत्री निम्म्यावर आले! बायकांनी काही खुरपी टाकून दिली नव्हती. प्रश्न बदलला, म्हणून उत्तर बदलले.

हा प्रश्न कसा फसवा आहे याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमच्या भागातल्या एका वाडीत, ओट्यावर शेंगा फोडीत बसलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले, "मावशी, तुम्ही काय काम करीत होता?"

"कशाचं काम बाई? घरीच की."

"पहाटे किती वाजता उठत होता?"

मग मावशी सांगू लागल्या. कोंबड्याला उठायचे, दळण दळायचे, शेण काढायचे, विहिरीचे पाणी आणायचे, भाकरी थापायच्या, त्या घेऊन शेतात जायचे, दिवसभर खुरपायचे, येताना जळण आणायचे, म्हशीची धार काढायची, पुन्हा चूल. दुष्काळात तर दोन वर्षे खडी फोडली. हे सारे सांगून झाल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "काम असं काय न्हाई. नोकरी केली न्हाई कधी."

मावशी खोटे बोलत नव्हत्या. काम म्हणजे काय याची जी व्याख्या आपण साऱ्यांनी मिळून त्यांना शिकविली होती, तिला धरून त्या बोलत होत्या. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली, तेव्हा या 'काम असं काय न्हाई'चे मोजमाप निघाले. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात. आणि असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. शिवाय असे काम करणारे पुरुष मुळातच थोडे.

कुटुंब ही गोष्ट शास्त्राच्या नजरेने पाहावयास मराठी माणसाला ज्यांनी शिकविले, त्यांत इरावतीबाई कर्वे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काम केले आणि १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. देशाचे नात्यांच्या दृष्टीने उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पडतात, हे त्यांनी त्यात दाखविले. त्यांची दृष्टी कशी होती ते सांगावयास दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याकडे सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणते. का म्हणते? कारण मामाची मुलगी करण्याची चाल. मामाची मुलगी सून होऊन आली की तिची सासू ही तिची खरीच आत्या असते. उत्तरेकडच्या मुलीला लग्नानंतर परक्या गावात, परक्या माणसांत जावे लागते. दक्षिणेकडची मुलगी पुष्कळदा आत्याच्याच घरी जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, आणि नळदुर्गासारखी कानडी-तेलुगू मुलखाला टेकलेली गावे तर अगदी उंबरठ्यावरची. भाषेतला एक साधा शब्द घरातल्या मुलीच्या नशिबाविषयी किती सांगून जातो! इरावतीबाईंच्या अभ्यासाची मातब्बरी ही, की त्यांनी असे शब्द गोळा करून त्यांवरून समाजाची घडण वाचून दाखविली.

त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या लीला दुबे. दुबे हे सासरचे नाव. माहेर मराठी, अंबर्डेकरांचे. प्रसिद्ध गायिका सुमती मुटाटकर या त्यांच्या भगिनी. जन्म १९२३ चा, मृत्यू २०१२ मधला. पती श्यामाचरण दुबे हेही मोठे समाजशास्त्रज्ञ. हैदराबादजवळच्या शमीरपेट या खेड्याचा त्यांनी केलेला अभ्यास १९५५ साली ग्रंथरूपाने आला आणि जगभर गाजला. नळदुर्ग तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होते. लीलाबाईंनी गोंड स्त्रियांचा अभ्यास केला. पुढे लक्षद्वीपमधील मुसलमान समाजाचा केला, जेथे घराणे आईच्या बाजूने चालते. असा समाज जवळून पाहिल्यामुळे, बापाकडून चालणारे घराणे ही ईश्वरी आज्ञा नसून अनेक व्यवस्थांपैकी एक व्यवस्था आहे, हे त्यांना स्पष्ट दिसले असावे.

त्यांचा १९८६ मधील एक निबंध बीज आणि भूमी यांच्या रूपकावर आहे. पुरुष बीज देतो, स्त्री ही भूमी, ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रांपासून बाजारातल्या बोलण्यापर्यंत सर्वत्र पसरली आहे. ऐकावयास ती किती गोड वाटते! धरणीमातेची उपमा कोणाला आवडणार नाही? पण लीलाबाई विचारतात तो प्रश्न शेतकऱ्याला ताबडतोब कळेल असा आहे. पीक कोणाचे? ज्याचे बी आणि ज्याची जमीन, त्याचे. जमिनीचे पीक असे कोणी म्हणत नाही. मालकाचे पीक म्हणतात. मूल जन्माला घालणारी आई भूमी ठरली की मूल बापाच्या घराण्याचे ठरते. आणि जी स्वतःच शेत झाली, ती शेताची मालकीण कशी होणार? एका रूपकाने मुलावरचा हक्क आणि जमिनीवरचा हक्क हे दोन्ही एकदमच काढून घेतले. आमच्याकडे मुलीला 'परक्याचे धन' म्हणतात, त्याचीही मेख येथेच आहे.

१९७१ साली भारत सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिच्या सभासदांत लीलाबाई होत्या. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार कार्यवाह. १९७४ च्या अखेरीस अहवाल पूर्ण झाला, आणि स्वातंत्र्यानंतर सारे काही आपोआप सुधारत चालले आहे असे मानणाऱ्या सुशिक्षितांना त्याने मोठा धक्का दिला. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० उरल्या होत्या. शिक्षण वाढले, दवाखाने वाढले, घटनेने समान हक्क दिले, आणि स्त्रिया कमी झाल्या! हा आकडा काही गुप्त नव्हता. जनगणनेच्या पुस्तकांत छापलेलाच होता. तो वेगळा काढून देशापुढे ठेवण्यासाठी प्रश्न विचारणारी माणसे लागली.

ही समिती दिल्लीत बसून लिहीत होती, नेमक्या त्याच काळात आमच्या मुलखात इतिहास घडत होता. फक्त त्याला कोणी इतिहास म्हणत नव्हते. १९७२ चा दुष्काळ! पन्नाशीपुढच्या कोणाही मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला की त्याला मिलोच्या लाल भाकरीची चव आठवते, निदान आईबापांकडून ऐकलेली. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, आणि गावेच्या गावे दुष्काळी कामांवर आली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आणि रस्त्यांसाठी खडी. कामावर सुकडी वाटली जाई. ज्या घरांतल्या बायका कधी उंबरठ्याबाहेर मजुरीला गेल्या नव्हत्या, त्यांनीही पदर डोक्यावर ओढून हातोडी उचलली. जमीनदार घरची बाई आणि तिच्या शेतात राबणारी बाई एकाच ढिगाऱ्यापाशी बसल्या. दुष्काळाने जे भेद मोडले ते पावसाने पुन्हा उभे केले हे खरे. पण एक गोष्ट मागे राहिली. खडीचा ब्रास मोजला जातो तेव्हा तो बाईने फोडला की बाप्याने, हे खडीला ठाऊक नसते. शेतावर बाईची मजुरी गड्याच्या मजुरीहून कमी असावयाची, हा जणू निसर्गनियम होता. सरकारी कामावर मापाला दर होता, आणि दर एकच होता.

यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची मूळ कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभापती होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग झाला, दुष्काळाने तिची निकड पटविली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागेल त्याला काम, हा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. पैसा कोठून आणला? त्यासाठी इतर करांबरोबर व्यवसाय कर बसविला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम आमच्याकडच्या बांधावरच्या टोपलीपर्यंत येऊन पोचत होती. देणाऱ्याला घेणारा माहीत नव्हता, आणि घेणारीला देणारा. तरी शहर आणि खेडे यांना जोडणारे असे धागे आपल्या राज्याच्या इतिहासात फार नाहीत.

योजना काही खास बायकांसाठी काढलेली नव्हती. पण बायका आल्या, आणि इतक्या आल्या की अनेक कामांवर त्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, कोठे त्याहूनही अधिक दिसू लागल्या. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर यांनी याचा अभ्यास केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच, ही योजना म्हणजे स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी आहे, असे म्हटले आहे. अमेरिकेतून येऊन सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी कायमच्या राहिलेल्या गेल ऑम्वेट यांनीही शेतमजूर बायकांच्या मोर्चांत हिंडून त्यांच्याविषयी लिहिले. कारण उघड होते. काम गावाजवळ, दर समान, आणि कोणा मालकाची मिनतवारी नाही. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्या कायद्यात लाभार्थींपैकी निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमावी, असे लिहिले गेले.

पण कागद आणि बांध यांत अंतर असते. पाळणाघराची तरतूद कितीही लिहिली, तरी बाभळीच्या फांदीला बांधलेली झोळी हेच बहुतेक ठिकाणचे पाळणाघर होते. हजेरीपटावर नाव लागले, मजुरी हाती आली. घरी गेल्यावर चूल मात्र जिथल्या तिथे होती. पुरुषाचा दिवस काम सुटले की संपत होता. बाईचा दुसरा दिवस तेथून सुरू होत होता. धोरणाने मजुरी समान केली. संध्याकाळ समान करणे धोरणाच्या हातात नव्हते.

आणि जेथे धोरण पोचलेच नाही, तेथे काय चालते? त्यासाठी दिवाळीचेच दिवस पाहावेत. शहरांत आपण आकाशकंदील लावीत असतो, त्याच सुमारास बीड, धाराशिवकडच्या वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे निघतात. ट्रॅक्टरच्या मागे भांडी, शेळ्या, म्हातारी माणसे सोडून बाकी सारे. त्यांच्या हिशेबाचे माप 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याला, आणि ती हाती घेतो नवरा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते; त्याआधी पहाटे आणि त्यानंतर रात्री स्वयंपाक करते. पण तिची अशी मजुरी नाही. ती अर्धा कोयता आहे. एक दिवस खाडा झाला तर दंड कोयत्याला. दुखणे आले तर काय करावे? २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची विचारपूस झाली, आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. या आकड्यावर मी भाष्य करीत नाही. ज्या कामात स्त्रीचे नावच नाही, तेथे तिच्या देहाचाही हिशेब कोणी ठेवला नव्हता, एवढेच म्हणते.

हा इतिहास निव्वळ दुःखाचा आहे असे मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. नळदुर्गालाही तो हादरा जाणवला. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे गावे पुन्हा बांधण्याचे मोठे काम निघाले, तेव्हा लातूर-धाराशिवकडच्या गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. सरकारी योजना घरोघर समजावून सांगणे, सिमेंट-लोखंडाचा हिशेब पाहणे, घर भूकंपाला टिकेल असे बांधले जाते की नाही यावर नजर ठेवणे, ही कामे त्यांनी केली. ज्यांना इंजिनियराशी बोलताना पदर सावरावासा वाटे, त्याच भिंतीच्या जाडीवरून त्याच्याशी वाद घालू लागल्या. संकटाने बाईला काम दिले ते १९७२ मध्येही; १९९३ मध्ये कामाबरोबर थोडा अधिकारही आला, हा वीस वर्षांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले, आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती वारसा कायद्यात केली. केंद्राने तीच गोष्ट २००५ मध्ये देशभर केली. त्याआधी शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम काढून, शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करावा, असे सांगितले होते, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी तसे केलेही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत त्यांच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचे राज्याने ठरविले. बीज आणि भूमीच्या जुन्या रूपकाला कागदाने दिलेले हे उत्तर म्हणावयाचे. लीलाबाई त्या वेळी हयात नव्हत्या. असत्या तर त्यांना बरे वाटले असते असे मला वाटते.

एवढे कायदे झाल्यावर जमीन मुलींच्या नावावर झाली का? येथे आपण सरकारकडून घराकडे वळू. कारण हा प्रश्न आता मंत्रालयात सुटणारा नाही. तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एखादा दिवस बसावे. बाप वारला, वारसनोंद झाली, बहिणींची नावे कायद्याप्रमाणे लागली. आणि काही महिन्यांत त्याच बहिणी भावांबरोबर येऊन 'हक्कसोड' करून देताना दिसतात. कोणी जबरदस्ती करीत नाही. हसतमुखाने येतात, अंगठा टेकतात वा सही करतात, भाऊ त्यांना साडी घेतो, आणि सारी एकत्र जेवून घरी जातात. विचारले तर सांगतात, "भावाशी वाकडं कशाला? माहेर राहिलं पाहिजे." हे बोलणे मूर्खपणाचे नाही, मोठ्या व्यवहाराचे आहे. सासरी काही बिनसले तर जाण्यास एकच दार आहे, आणि ते उघडे राहावे म्हणून ती आपल्या वाट्याची किंमत भरते. इरावतीबाईंनी नात्यांचा जो नकाशा काढला आणि लीलाबाईंनी त्यातला जमिनीचा हिशेब जो उलगडला, तो या एका सहीत पुरता दिसतो. कायद्याने दिलेला हक्क मायेने परत घेतला जातो, आणि दोन्ही बाजूंची माया खरी असते. हीच या प्रश्नाची खरी अडचण आहे. माया खोटी असती तर कधीच सुटला असता.

उद्या-परवा भाऊबीज येईल. ताटात निरांजन, सुपारी, पाटावर भाऊ. बहीण ओवाळील, भाऊ ओवाळणी टाकील. हा सण मोडावा असे मी मुळीच म्हणत नाही. मला तो फार आवडतो. पण त्या पाटावर बसणाऱ्या बंधूंना एक विनंती करावीशी वाटते. ओवाळणी ही भावाची खुशी असते. वाटा हा बहिणीचा हक्क असतो. एकाच्या बदली दुसरे देता येत नाही. बहिणीने हक्कसोड करून दिली असेल, तर एकदा घरातल्या घरात, कोणी वकील न आणता, तिला विचारून पाहावे, की माहेर तुटण्याची भीती नसती तर तू सही केली असतीस का? उत्तर काय येईल ते प्रत्येक घराचे वेगळे असेल. आणि फराळ वाढणाऱ्या आईला, वहिनीला, बायकोला कोणी परका पाहुणा 'आपण काय करता?' असे विचारू लागला, तर तिच्या वतीने घाईने 'घरीच असते' असे उत्तर देऊ नये. तिलाच सांगू द्यावे. पहाटेपासून सुरुवात करून.